सुभेदाराचं हिरवं पाणी

"दीपे! पळत ये! सुभेदार वर येऊन आ वासतोय!"

ऋषिराजची ही आरोळी ऐकली आणि दीपमालाच्या हातातला दात घासायचा ब्रश मोरीतच पडला. तोंडातला फेस तसाच घेऊन ती बाहेरच्या खोलीत धावली. काचेच्या टाकीसमोर ऋषिराज गुडघ्यांवर बसला होता. टाकीतलं पाणी मुगाच्या पाण्यासारखं हिरवट, गढूळ झालं होतं आणि त्या गढूळ पाण्याच्या अगदी वरच्या थरात एक लाल फेटा हेलकावत होता.

तो फेटा सुभेदाराचा! सुभेदार म्हणजे दीपमालाचा गोल्डफिश. अंग पांढरंशुभ्र आणि डोक्यावर लालभडक गोंडा. गेल्या सुट्टीवर आले तेव्हा तिच्या पप्पांनी तो सांगलीहून आणला होता. पप्पा स्वतः फौजेत हवालदार. "घरात माझ्यावर एक साहेब पाहिजे," असं म्हणून त्यांनीच माशाचं नाव सुभेदार ठेवलं. बरोबरच्या लहान माशांना सगळे जवान म्हणायचे. त्यातला एक जवान परवाच गेला होता आणि चाफ्याच्या झाडाखाली त्याला पुरताना ऋषिराजनं खरोखरची सलामी दिली होती.

"काल तर अर्धं पाणी बदललं आपण!" दीपमाला फेस पुसत म्हणाली. "बदलल्यावर जास्तच घाण झालंय! हे तुझ्यामुळं. तू त्यांना सारखं खायला टाकतोस!"

"मी? मी फक्त सकाळी टाकतो!"

"आणि चपातीचे तुकडे कोण टाकत होतं? टाकीतलं भूत?"

"ते... ते एकदाच टाकलं होतं," ऋषिराज पुटपुटला. तो तिच्या आत्याचा मुलगा, फलटणचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पलूसजवळच्या या मळ्यातल्या वस्तीवर यायची त्याला वर्षभर घाई असायची. आता मात्र त्याचं तोंड एवढंसं झालं.

दीपमालाला वाईट वाटलं, पण तिला काळजी फक्त माशाची नव्हती. शेजारच्या वस्तीवरच्या बनाबाई मागं एकदा ताक न्यायला आल्या होत्या. टाकीकडं बघून त्या सहज बोलून गेल्या, "फौजीच्या घरात मासं हायती ते लय बेस. घरावरचं इघ्न मासा आपल्यावर घेतो. पण त्या मोठ्या माशाला जप गं बाय. त्यो म्हंजी तुझ्या बापाचा जीव समज!"

बनाबाई ताक घेऊन गेल्या आणि बोललेलं विसरूनही गेल्या असतील. दीपमाला विसरली नाही. पप्पा बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर होते. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि आईशी बोलण्याआधी ते विचारायचे, "साहेब कसे आहेत?" गेल्या रविवारी फोन आला नाही. आई म्हणाली, तिकडं रेंज नसेल. त्याच आठवड्यात पाणी हिरवं व्हायला लागलं होतं. हे दीपमालानं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर खरं होईल, असं तिला वाटत होतं.

"काहीतरी कर ना, ऋष्या," ती एकदम रडवेली होऊन म्हणाली. "भांडण नंतर करू."

ऋषिराजनं लगेच दीपमालाच्या आईचा मोबाइल मिळवला आणि शोधाशोध केली. "सापडलं! गढूळ पाण्यावर एकच उपाय, अॅक्टिव्हेटेड कार्बन!"

"म्हणजे काय?"

"कार्बन म्हणजे कोळसा! सातवीत नाही का शिकवला?"

कोळसा काय, पाणी तापवायच्या चुलीत हवा तेवढा होता! दोघांनी कोळसे फोडले, आईच्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधले आणि गाठोडं टाकीत सोडलं. क्षणभर काही झालं नाही. मग गाठोड्यातून काळा धूर निघावा तसं काहीतरी पसरायला लागलं आणि बघता बघता हिरवं पाणी काळं झालं!

"काढ! काढ लवकर!"

"हाताला लागत नाही गं, पाण्यात काही दिसतच नाही!"

त्यांनी सगळे मासे टबात काढले, टाकी रिकामी केली, घासली आणि घराशेजारच्या हौदातून ताजं पाणी आणून भरली. तेवढ्यात दारात कुणीतरी खुदकन हसलं. ती माया होती. माया आटपाडीकडची, सातवीत शिकणारी. तिचे वडील धनाजी दर उन्हाळ्यात आपली मेंढरं घेऊन या मळ्यात तळ टाकायचे. मेंढरं शेतात बसली की जमिनीला खत मिळायचं आणि सुट्टीत माया आली की दीपमालाला मैत्रीण मिळायची.

"मासं धुताय का भांडी?" मायानं विचारलं, पण दीपमालाचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. मग टाकीत डोकावून म्हणाली, "तुमच्या हौदालाबी आतनं हिरवं धरलंय की. आमच्या मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत न्हाई धरत."

"हौदात शेवाळ धरतंच उन्हाळ्यात," दीपमाला म्हणाली. घरातले सगळे मोठे हेच म्हणायचे, म्हणून तीही म्हणाली. खरं तर तिथंच तिनं कान टवकारायला हवे होते!

दुसऱ्या दिवशी तात्या सांगलीला निघाले होते. तात्या म्हणजे दीपमालाचे चुलते, लालासाहेब. पप्पा फौजेत असल्यानं सगळा ऊस, विहीर आणि घर तेच बघायचे. माणूस प्रेमळ, पण आवाज असा की मळ्यातली पाखरं उडावीत आणि हट्ट तर त्याहून मोठा.

"तात्या, आम्हाला पण न्या! माशांच्या दुकानात जायचंय."

"माशांला काय धाड भरलीया? बसा मागं. पर उड्या मारायच्या न्हाईत!"

दीपमालानं टाकीतलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं. पिकअपच्या मागच्या हौद्यात दोघं बसली, मायाही आईला विचारून आली. सांगलीत तात्या खताच्या दुकानात गप्पा मारत बसले आणि ही तिकडी गल्लीतल्या माशांच्या दुकानात शिरली. विश्वजित नावाचा दुकानदार कानाला फोन लावून कुणाला तरी कासवाबद्दल समजावत होता. त्यानं बोलता बोलताच बाटली उजेडात धरली आणि फोन ठेवला.

"कोळसा टाकलात?"

तिघं एकमेकांकडं बघायला लागली.

"चुलीतला, हो ना? बरेच जण टाकतात," विश्वजित हसला. "अरे, अॅक्टिव्हेटेड कार्बन निराळा. तो तापवतानाच असा तयार करतात की दाण्याच्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. पाण्यातला पिवळेपणा, वास त्या भोकांत अडकतो. चुलीच्या कोळशाबरोबर मात्र राख येते. पण तुमचं दुखणं वेगळंच आहे. थांबा!"

त्यानं एका छोट्या नळीत बाटलीतलं पाणी घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब सोडले. नळी हलवली. पाणी निळं झालं. मग आणखी निळं. मग नीळ घातल्यासारखं गडद निळं!

विश्वजितच्या भुवया वर गेल्या. "बाप रे! एवढं फॉस्फेट?"

"फॉस्फेट म्हणजे विष?" दीपमालाचा आवाज कापला.

"विष नाही गं. शेवाळाची पंगत! ते पाण्यात आलं की शेवाळ जेवायला बसतं आणि उठतच नाही. दिवसा फुगतं, रात्री पाण्यातली हवा संपवतं आणि मासे पहाटे वर येऊन आ वासतात."

"माझ्यामुळं?" ऋषिराजनं घाबरत विचारलं. "मी चपाती टाकली होती."

"जास्त खाणं टाकलं की फॉस्फेट येतं, खरं आहे. पण एवढं? तू रोज पोळपाटासकट चपात्या टाकल्यास तरच!"

माया फिसकन हसली. ऋषिराजनं दीपमालाकडं अशा नजरेनं बघितलं, की तिनं तिथंच कानाची पाळी धरून माफी मागितली.

विश्वजितनं काळे चमकदार दाणे एका पिशवीत दिले. "हा कार्बन. आधी काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवायचा, जाळीत बांधायचा आणि फिल्टरमधून पाणी जातं तिथं ठेवायचा. काही आठवड्यांनी भोकं भरली की बदलायचा. पण लक्षात ठेवा, हा रंग आणि वास खातो, फॉस्फेटला हात लावत नाही. त्यासाठी हे तपकिरी दाणे वेगळ्या जाळीत. खाणं कमी. ऊन अडवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फॉस्फेट येतंय कुठून ते शोधा. ते येतच राहिलं तर माझं अख्खं दुकान टाकीत ओतलंत तरी काही उपयोग नाही."

"आणि शोधायचं कसं?"

त्यानं जरा विचार केला आणि ती थेंबांची बाटली आणि नळी दीपमालाच्या हातात ठेवली. "घेऊन जा. काम झालं की आणून दे. टाकीत पाणी जिथनं येतं, तिथवर मागं मागं जा."

परतीच्या वाटेवर हौद्यात खताची पोती होती. तिघं त्यावरच बसली. एका खड्ड्यात गाडी आदळली, ऋषिराज घसरला आणि त्याचं नाक थेट पोत्यावरच्या अक्षरांवर आपटलं.

"आई गं! ...दीपे! हे वाच! मोनो अमोनियम... फॉस्फेट!"

गाडी थांबल्या थांबल्या तिघं पुढं धावली. "तात्या, तात्या! हे खत तुम्ही कुठं घालता?"

"उसाला. ड्रमात इरघळवायचं, ड्रीपमधनं सोडायचं. का रं?"

"ते आमच्या टाकीत येतंय!"

तात्या एवढ्या मोठ्यानं हसले की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. "आरं खुळ्या, ऊस हितं, घर तितं! खत काय चालत येतंय व्हय? उतरा खाली!"

त्या संध्याकाळी कार्बन धुतला, बांधला, फिल्टरजवळ ठेवला. तपकिरी दाणे ठेवले. काचेला जुनी चादर लावली. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पिवळेपणा गेला, वास गेला आणि सुभेदाराचा फेटा काचेतून लाल दिसायला लागला! दीपमालानं आनंदानं उडी मारली. मग टाकी जराशी रिकामी होती म्हणून तिनं हौदातलं पाणी आणून ती काठोकाठ भरली.

त्याच्या दुसऱ्या सकाळी पाणी पुन्हा हिरवं! आणि सुभेदार या वेळी वरही आला नाही. तो तळाशी खड्यांवर कलंडून पडला होता. कल्ले तेवढे हलत होते.

आईनं त्या दिवशी दोन वेळा फोन लावला. पप्पांचा फोन बंद होता. "येईल गं," आई म्हणाली, पण तिनं मोबाइल पदराच्या गाठीसारखा मुठीत धरून ठेवला होता. सुभेदार कलंडलाय आणि पप्पांचा फोन बंद आहे. तिला ते दोन वेगळं वाटेचना.

"मागं मागं जायचं," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं थेंबांची बाटली काढली. "आत्ताच्या आत्ता!"

आधी हौदातलं पाणी तपासलं. गडद निळं! मग तिघं विहिरीकडं धावली. मायाच्या आईनं मेंढरांसाठी दोरानं शेंदलेलं पाणी बादलीत होतं, ते नळीत घेतलं. थेंब पडले. तिघांनी श्वास रोखले. पाण्याला किंचित निळसर झाक आली आणि तिथंच थांबली.

"विहीर एकच," दीपमाला हळूहळू म्हणाली. "बादलीनं काढलं की बरं आणि हौदात आलं की वाईट. मग मधे काय आहे?"

"पाइप!" ऋषिराज ओरडला.

त्यांनी आधी बादलीनं शेंदलेलं पाणी टबात घेऊन सुभेदाराला आणि जवानांना त्यात सोडलं. मग पाइपाच्या मागं लागली. तो विहिरीतून वर यायचा आणि काठावर त्याला दोन फाटे फुटायचे. एक घराच्या हौदाला, दुसरा उसाच्या ड्रीपला, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना. ड्रीपच्या फाट्यालगत तात्यांचा निळा ड्रम होता आणि त्यातून एक बारीक नळी पाइपात गेली होती. त्या दिवशी दुपारी तात्यांनी ड्रमात खत कालवलं, नळीचा कॉक उघडला आणि मोटार चालू ठेवून ते चिंचेखाली घोरायला लागले. थोड्याच वेळात शेतीची लाइट गेली. मोटार बंद पडली.

उसात एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत आवाज आला. गुळगुळगुळ... गुळुक!

"कोण हाय?" माया दचकली. ती ड्रमाजवळ गेली आणि आत बघून तिचे डोळे मोठे झाले. "दीपे, मोटार बंद हाय. मग ह्यो ड्रम कोण पितंय?"

ड्रमातलं पाणी खाली जात होतं! दीपमालानं लिंबाचं एक पान पाण्यावर टाकलं. ते गोल फिरत नळीच्या तोंडाकडं ओढलं गेलं आणि पाण्याबरोबर खाली खाली जायला लागलं.

"मोटार बंद पडली की पाइपातलं पाणी परत विहिरीकडं उतरतंय," ऋषिराज हळू आवाजात म्हणाला, "आणि उतरताना ड्रमातलं खत ओढून घेतंय! आता पाइपात खताचं पाणी बसलं."

"आणि उद्या लाइट आली," दीपमाला म्हणाली, "की तात्या पहिलं पाणी कुणाला देतात?"

तिघांनाही माहीत होतं. या मळ्याची रीतच होती. लाइट आली, की पहिलं पाणी घराच्या हौदाला, मग उसाला. घरच्यांना ताजं पाणी मिळावं म्हणून आजोबांनी घालून दिलेली रीत!

त्यांनी आधी कॉक बंद केला आणि मग तात्यांना हलवून उठवलं. सगळं एका दमात सांगितलं. तात्यांनी एक डोळा उघडला. "पाणी कुटं उलटं जातंय व्हय? पाइपाला व्हॉल हाय, पाणी मागारी येऊ देत न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "म्हंजी व्हता. पाडव्याला काढला मी. त्येनं धार बारीक यायची. आता कसं ढबाढबा येतंय! जावा, खेळा जावा."

"पण तात्या..."

"जावा म्हनलं न्हवं!"

तिघं बांधावर जाऊन बसली. दीपमालाचे डोळे भरून आले होते. उद्या पुन्हा हौदात खत येणार. विहिरीतही रोज थोडं उतरणार. आज बादलीतलं पाणी किंचित निळं झालं, चार दिवसांनी किती होईल? मग सुभेदाराला कुठलं पाणी द्यायचं?

"मोठ्या माणसांना निळे थेंब दिसत नाहीत," ऋषिराज वैतागून म्हणाला. "त्यांना काहीतरी मोठं दिसायला पाहिजे."

दीपमालानं डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "उद्या तासगावच्या लग्नाला जायचंय ना तात्यांना? आणि लग्नाआधी ते अंघोळ कुठं करणार?"

मायानं टाळी वाजवली. "हौदाच्या पाइपाखाली!"

बुंदीत घालायचा गुलाबी रंग आईनं मोठा डबाभर आणून ठेवला होता. खायचाच रंग, त्यानं उसाचं काही बिघडणार नव्हतं. दीपमालानं आईला काय ते सांगितलं. आईनं आधी डोळे वटारले, मग हिरव्या टाकीकडं बघितलं आणि डबा पुढं केला. तात्या घराकडं गेल्यावर तिघांनी रंग ड्रमात कालवला आणि कॉक पुन्हा उघडला. गुळगुळगुळ... पाइप गुलाबी पाणी प्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या हौदावर आले. मिशांना तेल लावलेलं, खुंटीला कडक इस्त्रीचा सदरा. लाइट आली, विहिरीवरची मोटार घुमली. तात्यांनी पाइपाखाली बैठक मारली, डोळे मिटले आणि दोन्ही हात वर करून गर्जना केली, "हर हर गंगे!"

हौदाआड दबून बसलेली तिघं श्वास रोखून बघत होती. पाइपानं आधी हवा सोडली, फुस्स! मग पाणी आलं. साधं, पांढरं पाणी.

दीपमालानं ऋषिराजकडं बघितलं. चुकलं की काय आपलं? मग सुभेदाराचं आता...

आणि धार बदलली! गुलाबी, दाट गुलाबी, भसाभस! तात्यांचं टक्कल गुलाबी, छाती गुलाबी, पांढऱ्या मिशा तर जास्वंदीसारख्या!

"आयला! ह्ये काय?" तात्या ताडकन उठले. "कुनी रंग खेळला रं?"

"मी, तात्या," दीपमाला पुढं आली. "काल आम्ही हा रंग तुमच्या खताच्या ड्रमात टाकला. हौदात नाही. ड्रमात."

"ड्रमात? मग हितं कसा आला त्यो?"

गुलाबी पाणी हौदात पडत राहिलं. तात्यांनी धारेकडं बघितलं, विहिरीच्या दिशेनं बघितलं, परत धारेकडं बघितलं.

"खत तसंच येतं, तात्या. रोज. फक्त त्याला रंग नसतो," दीपमाला म्हणाली आणि मग तिचा बांध फुटला. "एक मासा मेला. सुभेदार कलंडून पडलाय. तो गेला ना तर पप्पांना... बनाबाई म्हणाल्या, तो पप्पांचा जीव आहे! आणि पप्पांचा फोन लागत नाही!"

ऋषिराज आणि माया तिच्याकडं बघतच राहिली. दारात आई उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. तात्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे. त्यांनी ओलाच हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"एवढं मनात घिऊन हिंडत व्हतीस व्हय गं? आन मी तुला खेळा जावा म्हनलो." ते आईकडं वळले. "ह्या पाण्यानं आपन चूळ भरतुया, जनावरं पाजतुया. माझीच चूक हाय. धारेपायी मी व्हॉल काढला. पोरांनो, कुटं टाकलाय त्यो, बघा जरा!"

व्हॉल्व्ह मायाला ठाऊक होता. गोठ्याचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून कुणीतरी तोच दाराला लावला होता! तात्या गुलाबी मिशांनिशी, तशाच ओल्या अंगानं विहिरीवर गेले आणि लाइट बंद करून त्यांनी स्वतः व्हॉल्व्ह बसवला. नंतर मोटार चालवून बंद केली. सगळे ड्रमाभोवती कान देऊन उभे राहिले. गुळगुळ नाही. लिंबाचं पान जिथल्या तिथं!

"आता?" तात्यांनी विचारलं.

"आता हौद उपसायचा, पाइप धुवायचा, विहिरीचं पाणी रोज तपासायचं," दीपमाला म्हणाली.

"जी सायेब!" तात्यांनी सलाम ठोकला.

लग्नाला तात्या गुलाबी मिशा घेऊनच गेले. साबणानं घासूनही रंग निघाला नाही आणि तिथं ज्यानं विचारलं त्याला त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. "पाडव्याला आमी घोळ घातला आन पोरांनी तो निस्तरला. आमची पोरं लय हुशार!" संध्याकाळी आसपासच्या वस्त्यांवरचे दोघं-तिघं आपापल्या पाइपाला व्हॉल्व्ह आहे का बघायला निघालेसुद्धा.

सुभेदार मात्र लगेच उठला नाही. दीपमाला टबाशेजारीच बसून राहायची. विहिरीचं पाणी रोज थोडं थोडं बदलायची, चिमटीतलं खाणं निम्मं करायची. नळीतला निळा रंग रोज फिका होत गेला. धुतलेल्या टाकीत नवा कार्बन बसला. आणि एका सकाळी तिनं बघितलं, तर लाल फेटा सरळ उभा! सुभेदार टबात गस्त घालत होता आणि जवान त्याच्या मागं मागं.

त्याला टाकीत सोडलं त्याच दिवशी फोन वाजला. पडद्यावर टोपी, मफलर आणि त्यात पप्पांचा हसरा चेहरा! आई काही बोलायच्या आतच दीपमालानं फोन घेतला आणि हुंदके देत सगळं सांगून टाकलं. बनाबाई काय म्हणाल्या तेसुद्धा.

पप्पा म्हणाले, "वेडे, तुझा सुभेदार कलंडला होता ना, तेव्हा मी काय करत होतो सांगू? बर्फानं रस्ता बंद, फोन बंद, म्हणून चौकीत बसून राजमा-चावल खात होतो. दोन वाट्या जास्तच! माझी तब्येत माशाला विचारू नको. मला विचार."

"पण तुमचा फोनच नव्हता!"

"तेवढी चूक माझी. आता साहेबांना दाखव बघू."

दीपमालानं डोळे पुसले आणि मोबाइल टाकीसमोर धरला. सुभेदार पोहत काचेशी आला आणि पडद्याकडं बघत थांबला. पप्पा डोळे बारीक करून पुढं वाकले.

"अगं दीपे," ते काळजीनं म्हणाले, "टाकीत पाणी घातलंस ना? साहेब हवेतच उभे दिसतायत!"